बाप बदलतो का?

देवपूरच्या आमच्या ऑफिसात त्या दिवशी एकच प्रश्न होता: या ॲपमधलं पुढे काय बदलेल? जे बदलेल ते मोकळं ठेवायचं, बाकीचं पक्कं बांधून टाकायचं. ॲप सातपुड्याच्या पायथ्याच्या एका मुलींच्या वसतिगृहाचं, हजेरी घ्यायचं आणि सुट्टीत पोरींना घरी सोडायचं. आमच्या सरांनी बदलणाऱ्या गोष्टी कोणत्या ठरवल्या? संस्थाध्यक्षांचा फोटो आणि बटणांचे रंग! का, तर अध्यक्षांनी दोनदा रंग बदलायला लावले होते.

मी म्हटलं, "सर, पोरीला घरी कोण नेतं, ते बदलेल. दिवाळी झाली की तिकडचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात. मग कधी मामा येतो, कधी आजा."

"बाप बदलतो का गं?" सर म्हणाले. सगळे खो खो हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ठरलं ते ठरलंच: बापाच्या मोबाइलवर नंबर येणार, तो टाकला तरच पोरगी सुटणार.

होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराची सुट्टी लागली, त्या दिवशी मी ॲप शिकवायला वसतिगृहात होते. एक पोरगी नवी ओढणी घेऊन, पिशवी भरून सकाळपासून पायरीवर बसलेली. तिचा मामा फाटकाबाहेर. बाप गुजरातेत उसाच्या फडात, फोन बंद. बाकीच्या सगळ्या पोरी घरी गेलेल्या.

"ताई, बठ्ठ्या पोरी ग्यात. मनी भाचीलेच का बरं नही सोडतस?" मामानं विचारलं.

वसतिगृह सांभाळणाऱ्या अक्का म्हणाल्या, "दरवर्षी हाच नेतो हो तिला. मी ओळखत नाही का? पण आता माझ्या हातात काय आहे?"

मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, "ॲपमध्ये बापाची जागा सगळीकडे घट्ट बसलीय. तिला हात लावायचा तर आठवडा जाईल. फोटो बदलायचाय का? तो आत्ता होईल."

फोटो! मी फोनच कापला. गावाकडची शेवटची जीप निघायला आली होती आणि पोरगी ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "अक्का, उघडा फाटक. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा." अक्कांनी एकदा मोबाइलकडे बघितलं, एकदा पोरीकडे, आणि कडी काढली. पोरगी धावतच सुटली. मामाच्या हातात पिशवी द्यायचंही तिला सुचलं नाही.

संध्याकाळच्या हजेरीनंतर सरांचा फोन आला. "अगं, काय केलंस हे? नंबर टाकला नाही आणि पोरगी हजेरीला नाही, म्हणून ॲपवरून अध्यक्षांच्या मोबाइलवर पोरगी पळून गेली असं आलंय!"

"पळून नाही गेली, सर. मामाबरोबर घरी गेली. तसं लिहा."

सर म्हणाले, "तसं लिहायला जागाच नाही त्यात."