परब उतारावर गेला तो दिवस

फौजेतून पेन्शन घेऊन मी सिंगापूरच्या एका शिपयार्डात सेफ्टी सुपरवायझर झालो. एकदा दुरुस्तीला आलेल्या जहाजावर सूर्यकांत परब नावाचा मालवणचा इंजिनिअर भेटला. फौजेत माझ्या हाताखाली असलेल्या नायक दिनकर परबचा थोरला भाऊ. रविवारी त्याला बिशानच्या आमच्या फ्लॅटवर बोलावलं. चहा झाल्यावर तो म्हणाला, "दिनू कसा गेला, ते नीट सांगा." मी सांगितलं.

माझी शेवटची पोस्टिंग हिमाचलमधल्या स्की ट्रेनिंग कॅम्पवर होती. मी हवालदार, स्की पेट्रोलचा, म्हणजे गस्तीच्या तुकडीचा कमांडर. सकाळी उतारावरचा बर्फ तपासायचा, धोक्याच्या जागी लाल झेंडे लावायचे, कुणाचा पाय मोडला तर त्याला स्लेजवरून खाली आणायचं. बहुतेक दिवस एवढंच काम.

त्या दुपारी ढग खाली उतरले. झेंडे न दिसल्यामुळे दोन शिकाऊ जवान बंद उतारावर गेले. एकाचा गुडघा निखळला. दुसरा त्याच्यापाशी बसून ओरडत होता. दिनू आणि मी अलीकडच्या खडकापर्यंत पोहोचलो. मी वॉकी-टॉकीवर कॅम्पला कळवलं.

"दोघं बंद उतारावर. एक जखमी. बर्फ कच्चा. ओव्हर."

"थांबता येईल? ओव्हर."

"अंधार पडला तर दोघंही गारठून मरतील. ओव्हर."

"मग जा. एका वेळी एकच माणूस. आउट."

बर्फाखाली गाडलेला माणूस सापडावा म्हणून आम्ही कमरेला लांब लाल दोरी बांधायचो. दिनूनं ती बांधली.

"उस्ताद, बर्फ पोकळ वाजतोय."

"ऐकतोय मी."

"मी हलका आहे. स्लेज मी नेतो."

त्यानं जखमीला खडकापर्यंत आणलं, स्लेजचा दोर माझ्या हातात दिला आणि परत गेला. दुसरा जवान भीतीनं जागचा हलत नव्हता. दिनूनं त्याला उभं केलं, पुढं पाठवलं आणि स्वतः मागं थांबला. जवान माझ्यापाशी पोहोचला. मी हात वर केला. दिनू निघाला.

तो मध्यावर आला आणि वरून धप्प असा आवाज झाला. सगळा उतार सुटला. दिनू स्की वळवून तिरका धावला. आमच्यापासून चाळीसेक पावलांवर बर्फानं त्याला गाठलं.

खूप खाली बर्फावर लाल दोरीचं टोक दिसलं. मी आणि तो जवान हातांनी, स्कींनी खणत राहिलो.

"परब सापडला. ओव्हर."

"जिवंत? ओव्हर."

"नाही. ओव्हर."

सूर्यकांतनं चहाचा रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "घरी सांगायचा, स्टोअरमध्ये ड्यूटी आहे म्हणून. त्याला स्की येतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं."

"आमच्या पेट्रोलमध्ये सगळ्यात चांगला तोच होता."

"तो स्की कसा करायचा?"

मी उठलो. हॉलमधली खुर्ची बाजूला केली, गुडघे वाकवले, एका पायावर भार देऊन वळण कसं घेतात ते दाखवलं. सूर्यकांत माझ्या शेजारी येऊन तसाच उभा राहिला.

"अजून वाका," मी म्हटलं. "दिनू याहून खाली बसायचा."