संत्र्याचे सालटे

ओल्या कचऱ्याचं खत घरीच करू म्हणून मी फाटकाबाहेर भोकं पाडलेला ड्रम ठेवला. थोड्याच दिवसांत एक सायकलवाला रोज सकाळी तिथे थांबायला लागला. डोक्याला दुपट्टा, कॅरियरला रिकामं पोतं. तुमसरच्या आमच्या गल्लीत त्याला कोणी ओळखत नव्हतं. तो झाकण उचलायचा, वाकून आत पाहायचा, चिमूटभर खत नाकाशी धरायचा आणि निघून जायचा. नेत काहीच नसे. तेच मला खटकायचं. मी झाकणावर दगड ठेवला. तो दगड उतरवून पाहायचा आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायचा.

एकदा मी त्याला गाठलंच. "काय पाहून राहिले जी?"

तो दचकलासुद्धा नाही. "काही नाही बाई. घरातलं कोनी बाहेरगावी गेलं वाटते. संत्र्याचे सालटे दिसून नाही राहिले."

संत्री खाणारी आमची लेक नुकतीच नोकरीसाठी पुण्याला गेली होती.

"कोनी कुठं नाही गेलं," म्हणत मी फाटक लावलं.

संध्याकाळी बाजारातून संत्री आणली. नवऱ्याला आणि मला ती सोसत नाहीत. फोडी गाईला घातल्या, आणि सालटे ड्रममध्ये अगदी वर पसरले, घर भरलेलं दिसावं म्हणून.