बाबांना उठवायचं काम

चितेगावच्या कारखान्यात मी लागलो, तेव्हा घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून गावात माझं कौतुक झालं होतं. ज्या विद्यापीठानं मला पदवी दिली, त्याच्या नामांतरासाठी त्या काळात शहरात मोर्चे निघत. माझी बहुतेक रात्रपाळी असायची. सकाळी कंपनीची बस औरंगपुऱ्याजवळ सोडायची आणि मी आमच्या एका खोलीत दुपारी चारपर्यंत झोपायचो.

तोवर घरात कुणी आवाज करायचा नाही. बायको भांडी ओल्या फडक्यावर ठेवायची. पाच वर्षांची मुलगी चपला हातात घेऊन आत यायची. गावाकडचे पाहुणे म्हणत, "लई गुणाची लेक हाय." आम्हालाही तसंच वाटायचं.

मग बालवाडीच्या बाईंचा निरोप आला. वर्ष संपत आलं तरी मुलगी वर्गात एक शब्द बोलली नव्हती. पहिलीत घालावं की नाही, याचा विचार करावा लागेल. मी घाबरलो. शिकलो म्हणून माझे दिवस पालटले होते, आणि लेक बालवाडीतच अडत होती. मी तिला समोर बसवून कविता म्हणायला लावू लागलो. ती ओठ मिटून जमिनीकडे बघायची.

एका दुपारी बाई स्वतः घरी आल्या. दार उघडताच बायकोनं ओठांवर बोट ठेवलं. बाई चवड्यांवर आत आल्या, कुजबुजत बोलू लागल्या. मुलीनं पाणी दिलं आणि त्यांच्या कानात सांगितलं, "बाबा झोपलेत." तशी बाईंना हसू आवरेना. मी जागा झालो.

"अहो, पंधरा मिनिटांत मीसुद्धा बोलायचं विसरले," बाई म्हणाल्या. "ही तर इथंच राहते."

शेजारच्या मावशी, सगळ्यांच्या खाला, दारात उभ्या होत्या. "मैं तो कब से बोल रई, भाई. घर में बच्ची पाले की बिल्ली?"

जाताना बाई एवढंच म्हणाल्या, "बोल बोल म्हणू नका. तिच्या आवाजाला घरात काहीतरी काम द्या."

आम्ही काम दिलं. चार वाजता मला तिनं उठवायचं, हात न लावता, हाक मारून. पहिल्या दिवशी ती कुजबुजली. मी झोपेचं सोंग घेतलं, तर ती रडायला लागली. मला माझीच लाज वाटली.

पुढं आंदोलनात दोन दिवस शहर बंद राहिलं. बस आली नाही. मी भर दुपारी घरात जागा आहे, हे तिनं कधी नीट पाहिलंच नव्हतं. आम्ही उठवाउठवीचा खेळ मांडला. ती झोपायची, मी ओरडायचो. ती खळखळून हसली आणि स्वतःच तोंडावर हात दाबला. मी म्हटलं, "हस की! आज कुणी झोपलेलं नाय."

पाळ्या सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दुपारी खणखणीत हाक आली, "बाबा, उठा! चार वाजले!"

भिंतीपलीकडून खालांचा आवाज आला, "उठ गए, उठ गए! हम भी उठ गए!"

काही दिवसांनी ती वर्गात हजेरीला बोलली आणि जूनमध्ये पहिलीत गेली. माझी दिवसाची झोप मात्र तेव्हापासून कच्ची झाली. बायकोनं भांड्यांखालचं फडकं धुऊन दोरीवर टाकलं, ते पुन्हा तिथं अंथरलं नाही.