माझ्या पायाखालचं पाणी

माझा जन्म पायांकडून झाला. पाय बाहेर आणि डोकं आत, अशा अवस्थेत मी बराच वेळ आईचा जीव खाल्ला आणि मग जगात आले. अशा मुलाला आपल्याकडे पायाळू म्हणतात. इतर घरांत पायाळू पोरीचा उपयोग एवढाच, की कुणाच्या पाठीत उसण भरली तर तिने हलकेच लाथ मारायची. आमच्या गल्लीतले एक वयस्क वकील दर थंडीत आमच्या कट्ट्यावर पालथे पडायचे, आणि मी मोठ्या समाधानाने त्यांच्या कमरेत पाय घालायची. 'बरं वाटलं की गं' म्हणत ते उठायचे आणि मला पेपरमिट द्यायचे. तेवढ्यावर भागलं असतं तर माझी काहीच तक्रार नव्हती.

पण आमचं घर बोअर मारणाऱ्यांचं. आजोबा मिरजेकडून हुबळीला आले ते विहिरी खणायला. पहार, टोपली आणि चार गडी एवढाच त्यांचा पसारा. अप्पांनी आणि काकांनी हातबोअर सुरू केलं. तीन वाशांची तिकाटी उभी करून माणसांनी गोल गोल फिरत जमिनीत भोक पाडायचं, असं ते काम. मी शाळेत जायला लागले त्या सुमारास, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, ट्रकवर बसवलेलं मशीन आलं. त्याला घरात सगळे 'गाडी' म्हणत. गाडी सुरू झाली की शेजारच्या गावात ऐकू जायचं. आधी पांढरी भुकटी उडायची, मग ती ओली व्हायची, आणि नशीब असेल तर पाण्याचा फवारा थेट वर. आजूबाजूला पाऊस धड पडत नव्हता, विहिरी आटत होत्या, आणि अमरगोळच्या मार्केट यार्डातल्या ज्या ज्या व्यापाऱ्याची शेती होती त्याला बोअर हवी होती.

भोक पाडणं काकांच्या हातात होतं. पण कुठे पाडायचं? त्या जागेला 'पॉइंट' म्हणत. खाली पाणी असलं की आजोबांच्या तळहातावर नारळ उभा राहायचा म्हणे. अप्पांच्या हातावर तो आडवाच पडून राहिला, काकांच्याही. बाहेरचा पॉइंट दाखवणारा आणावा लागायचा आणि अप्पांना त्याचा फार कमीपणा वाटायचा. अशा घरात मी पायाळू जन्मले. पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी कळतं, हे आमच्याकडे सूर्य पूर्वेला उगवतो तितकं पक्कं. माझ्या बारशाला अप्पांनी पेढे वाटले. मुलगी झाली म्हणून त्या काळी पेढे वाटणारा बाप लोकांनी पहिल्यांदाच पाहिला, असं आई सांगायची, आणि ते कौतुकाने सांगायची.

मग ते सुरू झालं. शेतात मला अनवाणी सोडायचं. मी चालायचं. जिथे थांबेन तिथे काका दगड ठेवायचे, अप्पा हळदकुंकू वाहून नारळ फोडायचे. शेताचा मालक हात जोडून मला विचारायचा, "अव्वा, नीर ऐतेन्री?" पाणी आहे का, म्हणून. मी परकर सावरत मान डोलवायची. खरं सांगायचं तर मला कधीही काहीही जाणवलं नाही. ना मुंग्या, ना ऊब, ना थंडावा. खडा टोचला की मी थांबायची. कंटाळा आला की थांबायची. जरा सावली दिसली तर तिथे नक्की थांबायची. त्या काळी पाणी फार खोल गेलेलं नव्हतं, त्यामुळे बहुतेक ठिकाणी लागायचंच. फवारा उडाला की सगळे मशीनला सोडून माझ्या पाया पडायचे.

नुसता पॉइंट दाखवून भागायचं नाही. भोक सुरू होताना माझा पाय त्या जागेवर टेकलेला हवा, असा अप्पांचा नेम होता. म्हणजे गाडी जिथे जाईल तिथे मी. लॅमिंग्टन रोडवरच्या माझ्या शाळेबाहेर जीपचा हॉर्न वाजला की बाई फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणायच्या, "जा गं, तुझं पाणी आलं." वर्ग हसायचा. मला खो-खोत घेत नसत, कारण पाय मुरगळला तर? सायकल नाही, कारण पडले तर? आभाळात गडगडायला लागलं की मला मधल्या खोलीत बसवून दार लावून घेत, कारण पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. वळवाचा पाऊस धारवाडकडून येताना काय सुंदर दिसतो असं मैत्रिणी सांगायच्या. मी तो फक्त कौलांवर ऐकलेला आहे.

मोठी झाले तेव्हा याहून वाईट झालं. महिन्याचे ते चार दिवस मला शेतात नेत नसत. म्हणजे ते दिवस गाडी बंद. म्हणजे ड्रायव्हर, हेल्पर, पाइप उतरवणारे गडी, सगळ्यांना माहीत की आज गाडी का उभी आहे. एकदा यार्डात एक अडत्या भर दुकानात अप्पांना म्हणाला, "सोमवारी जमेल की न्हाई? अक्कांचं कसं काय आहे बघून सांगा की." मी अप्पांच्या मागेच उभी होते. अप्पांनी डोळे मिटून हिशेब केला आणि म्हणाले, "बुधवार धरा." माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. घरी येऊन मी आईवर ओरडले, तर ती म्हणाली, "निदान तेवढे दिवस तुला विश्रांती मिळते की."

मी अप्पांना सांगून पाहिलं नाही असं नाही. जेवताना स्पष्ट सांगितलं, "अप्पा, मला काही कळत नाही. मी उगाच कुठेही थांबते." अप्पा हसले. "तुला कळायचं कशाला? पायाला कळतंय की. तो थांबवतो म्हणून तू थांबतीस." पुढे अमरगोळजवळ एक बोअर पूर्ण कोरडी गेली. भुकटी, भुकटी आणि भुकटी. काका घामाघूम झाले होते आणि मला मात्र मनातून इतका आनंद झाला होता की तो लपवायला मी पदर तोंडावर धरला. आता सुटले, असं वाटलं. अप्पांनी वाकून दगड पाहिला, गाडी पाहिली आणि काकांना म्हणाले, "वीतभर अलीकडं लावलास की रे. पोरीचा पॉइंट चुकवलास." काकांनी मान खाली घातली. माझा पाय चुकू शकतो, हे त्या दोघांच्या स्वप्नातही येत नव्हतं.

यात कुणी माझा छळ करत होतं असं वाचणाऱ्याला वाटेल, म्हणून सांगते. शेतातून आलं की अप्पा स्वतः कोमट पाणी काढून माझे पाय धुवायचे. भेगा पडू नयेत म्हणून लोणी चोळायचे. रागवायचं तरी कसं अशा माणसावर? ते मला कधी 'नको' म्हणाले नाहीत. धारवाडला बी.ए. झाल्यावर बेळगावला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला माझा नंबर लागला, हॉस्टेलही मिळालं, तेव्हाही नाही म्हणाले नाहीत. माझी ट्रंक भरून झाली होती. अप्पा सोप्यात बसून होते. म्हणाले, "जा की. शिक. गाडी विकून टाकू. काका बघंल कुठंतरी नोकरी." काकांची धाकटी मुलगी तिथेच अंक गिरवत बसली होती. मी आत जाऊन ट्रंक रिकामी केली. आईने साड्या पुन्हा कपाटात लावल्या.

लग्नातही तेच. सांगलीचं स्थळ आलं, पुण्याचं आलं. अप्पांना प्रत्येकात काहीतरी खोट दिसली. शेवटी धारवाडचा मुलगा पसंत पडला. तिथून जवळच बेलूरच्या एका कारखान्यात नोकरीला होता, स्वभावाने गरीब. लग्न ठरताना याद्या झाल्या, त्यात देण्याघेण्याची एकही अट नव्हती. फक्त बोलता बोलता अप्पांनी व्याह्यांकडून शब्द घेतला, की जीप दारात आली की सुनेला पाठवायचं. सासरच्यांना त्यात अभिमानच वाटला. नवरा एकदा म्हणाला, "मी बदली मागू का लांब कुठे?" त्याने विचारलं एवढ्यानेच मला रडू आलं. पण कारखाना एकच होता, बदली कुठे मागणार?

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मला दिवस गेले आणि पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे मी हुबळीला आले. डॉक्टरीणबाई धारवाडकडच्या, कन्नड बोलणाऱ्या, बोटाने चष्मा वर सारत तपासणाऱ्या. सातव्या महिन्यात त्यांनी पोट चाचपलं आणि आईला सांगितलं, मूल पायाकडून आहे. आईने घरी येऊन ते अप्पांना सांगितलं आणि घरात सण असल्यासारखं झालं. काकांनी दुसऱ्या गाडीची चौकशी सुरू केली. अप्पा मला म्हणाले, "आता तू म्हातारी झालीस तरी काळजी नाही." मी तेव्हा तिशीच्याही आत होते. मी माझ्या पोटाकडे पाहिलं. आत कुणीतरी लाथा मारत होतं, आणि त्या लाथा आधीच बुक झालेल्या होत्या. माझं आयुष्य गेलं तर गेलं, पण हे नाही, असं मी ठरवलं. मला तोवर कशाचंही इतकं भय वाटलं नव्हतं.

मूल काही फिरलं नाही. ऑपरेशन ठरलं; तसं झालं तरी आधी पाय बाहेर आले तर पायाळूच, असं अप्पांनी धरून ठेवलं होतं. टेबलावर घेण्याआधी मी डॉक्टरीणबाईंचा हात धरला आणि सगळं सांगितलं, खडा, सावली, गाडी, सगळं. म्हणाले, बाहेर माझे वडील विचारतील आधी काय आलं म्हणून. डोकं म्हणून सांगा. त्यांनी हात सोडवून घेतला. "सुम्न मलकोरी," एवढंच म्हणाल्या. गप पडून राहा.

पाठीत सुई दिली आणि कमरेखालचं माझं अंग माझं राहिलं नाही. पण कान जागे होते. पडद्यापलीकडून नर्सचा आवाज आला, "कालु बंतु री." पाय आले. मग रडणं ऐकू आलं. मुलगी होती.

मला खोलीत आणलं तेव्हा अप्पा दारातच उभे होते. त्यांनी ना मुलगी विचारली ना मुलगा. डॉक्टरीणबाईंसमोर हात जोडून विचारलं, "आधी काय आलं?" खोलीत आई होती, काका होते, पाळण्याशी नवरा होता. बाईंनी चष्मा वर सारला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"तले," त्या म्हणाल्या. "डोकं आलं आधी." आणि निघून गेल्या.

मी डोळे मिटले. माझी मुलगी खो-खो खेळेल, सायकलवरून पडेल, वळीव बघत अंगणात उभी राहील, हे सगळं मला त्या एका क्षणात दिसलं, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईला वाटलं दुखतंय.

अप्पा स्टुलावर बसले. त्यांचं तोंड इतकं उतरलं होतं की मला त्यांची कीव आली. मग त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, स्टूल माझ्या पायथ्याशी ओढलं आणि अगदी मायेने म्हणाले, "असू दे. तू आहेस की."

आणि सवयीने त्यांनी माझ्या तळपायांवर हात फिरवायला सुरुवात केली. मला काही कळलं नाही. पाय अजून बधिरच होते.