थांबलं तर चेहरा, नाही तर पत्रा

ऑइलपेंट एकदा नखांत शिरला की रॉकेलनं घासूनही पुरता निघत नाही. सीताबर्डीतल्या आमच्या पेंटरच्या दुकानातले किस्सेही तसेच! पोळ्या लाटताना एखादा आठवतो आणि मी एकटीच हसते. सासूबाई संशयानं पाहतात. त्यांचंही चूक नाही म्हणा. आर्ट स्कूलचा डिप्लोमा घेतलेली सून आठ महिन्यांची मुलगी काखेत मारून बोर्ड रंगवायला जाते, म्हटल्यावर कोणीही काळजीत पडेल. मी तर त्यांच्याआधीच पडलेय.

माझी काळजी वेगळी. मिनी झाल्यापासून माझ्या हातून चेहरा उतरत नाही. नाक येतं, डोळे येतात, माणूस काही येत नाही!

* * *

दुकानाचे मालक बापूराव. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा डिप्लोमा दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "चेहऱ्याचं मागून पाहू. आधी अक्षरं."

एकदा मी कोऱ्या पत्र्यासमोर नुसतीच उभी होते.

"काहून बाई, काय झालं?"

"सुचत नाहीये."

"मंग ब्रश धुवा. सुचेपर्यंत धुवा."

पंधरा दिवस धुतले. दुकानातले सगळे ब्रश नव्यासारखे झाले. मला काही सुचलं नाही, बापूरावांना मात्र सुचलं. "बाई, हे काम आता रोज तुमच्याचकडे राहू द्या!"

* * *

आमच्याकडे चेहरे करणारे एकटे शालिकभाऊ. थिएटरांचे मोठमोठे बोर्ड त्यांचेच. त्यांची एक सवय: सुरुवात मिशीपासून. मिशी बसली की नाक-ओठ आपोआप जागेवर येतात म्हणे. नायिका असली तरी आधी मिशी, मग तिच्यावर गुलाबी रंगाचा हात!

एकदा घाईत तो हात पातळ बसला. बोर्ड व्हेरायटी चौकात लागला आणि उन्हानं चौथ्या दिवशी नायिकेला मिशी फुटली. थिएटरचा मॅनेजर तणतणत दुकानात आला.

शालिकभाऊंनी शांतपणे विडी विझवली. "साहेब, पिक्चर चौथ्या दिवसापर्यंत टिकन, असं कोणाले वाटलं होतं?"

खूप हसलो. घरी जाताना मात्र मला वाटलं, या माणसाला सुरुवातीला धरायला निदान मिशी तरी आहे. माझ्याकडे तेवढीही नाही.

* * *

मिनीची झोळी दुकानातच, उरलेल्या कॅनव्हासची. एका दुपारी आत डोकावले, तर तिच्या तोंडाभोवती पिवळंधमक!

मिनीला उचललं, पिवळ्या रंगाचा डबा बापूरावांच्या हातात दिला (डॉक्टरांना त्यात काय-काय आहे ते कळायला नको?) आणि त्यांच्यासकट सायकलरिक्षानं दवाखाना गाठला. रस्ताभर मी स्वतःलाच कोसत होते. हीच का माझी कला? पोरीला विष पाजणारी?

डॉक्टरांनी मिनीच्या हनुवटीवरून बोट फिरवलं, वास घेतला. "बाई, हे वरण आहे."

अर्ध्या तासापूर्वी मीच भरवलं होतं!

बापूराव मांडीवरच्या डब्याकडे पाहत पुटपुटले, "तरी म्हणलं, आपला पिवळा इतका चांगला नाही."

* * *

मग लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानाचा बोर्ड आला. बारा फुटी, मधोमध बाळ. बापूराव म्हणाले, "हे तुम्ही करा. जमलं तर यापुढं चेहरे. नाही जमलं तर अक्षरं आहेतच."

फोटोवर चौकोन आखले, पत्र्यावर खडूनं चौकोन आखले, एकेक चौकोन उतरवत गेले. चार वेळा केलं, चार वेळा पुसलं. दरवेळी बाळ आता रडेल की मग, असं!

"याले कपडे टोचून राहिले का?" शालिकभाऊंनी विचारलं.

पाचव्यांदा मी फोटो बाजूला ठेवला आणि मिनीला समोर बसवलं. ती कसली हसते! माझ्या हातातल्या बिस्किटाकडे टक लावून बसली. म्हटलं, जाऊ दे, हेच. बोर्डावरचं बाळ हसायला हवं हे कळत होतं, पण पुसायची हिंमत संपली होती.

बापूरावांचा एक नियम आहे. बोर्ड लागला की समोरच्या फुटपाथवर तासभर उभं राहायचं. "कोणी थांबलं तर चेहरा, नाही तर पत्रा."

बोर्ड सकाळीच लागला. दुपारी आम्ही जाऊन उभे राहिलो. मिनी माझ्या कडेवर. सायकली गेल्या, कॉलेजच्या मुली गेल्या. एक गृहस्थ थांबले! त्यांनी सायकलची चेन बसवली आणि निघून गेले.

बापूरावांनी खिशातून घड्याळ काढलं. "झाला बाई तास."

त्यांनी म्हणायच्या आत मीच म्हटलं, "अक्षरंच बरी."

तेवढ्यात मागून आवाज आला, "सरक वं बाई तिकडं! कवाची मधातच उभी आहेस."

फुटपाथवर बोरं विकणारी म्हातारी होती.

"काहून हो आजी?" मी विचारलं.

"त्या समोर वरच्या लेकराले बोरं दिसू दे ना! सकाळपासून टक लावून पाहून राहिलं. टोपली तिकडं सरकवली, तरी टोपलीकडंच पाह्यते. एकटंच आहे वं बिचारं. याची माय कुठं गेली?"

बापूरावांनी घड्याळ परत खिशात टाकलं.

"काय वं माय, तुह्यासमोरच तर उभी आहे तासाभरापासून!"