भुतांचे डोहाळे

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि मला पुन्हा दिवस गेले. पहिलं चौथ्या महिन्यातच गेलं होतं, म्हणून घरात सगळे मला तळहाताच्या फोडासारखं जपत होते. मी मात्र सकाळी उठल्या उठल्या पोटावर हात ठेवायची आणि आहे ना, आहे ना, असं मनात घोकत बसायची.

त्यातून सुटका एकच, भुतांच्या गोष्टी. पेठेतल्या वाचनालयातून जुन्या विलायती भयकथांची मराठी भाषांतरं आणायची आणि दुपारी खिडकी लोटून वाचायची. भ्यायला मला शाळेपासून आवडतं. ती भीती आपल्या हातातली असते, नको झाली की पुस्तक मिटायचं. पोटातली भीती कुठं मिटता येत होती?

सासूबाईंना आमच्यात अत्ती म्हणतात. माझ्या अत्ती अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. मराठी समजायचं छान, पण अक्षरओळख नव्हती. एके दिवशी त्यांनी मुखपृष्ठावरचा हाडांचा हात पाहिला.

"शिवा शिवा! पोटातलं समदं ऐकतंय की गं," म्हणाल्या, आणि पुस्तक ज्वारीच्या कणगीमागं गेलं.

माझं डोकं फिरलं. संध्याकाळी त्यांनी विचारलं, चिंच आणू का, कैरी आणू का. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "काही नको. मला त्या पुस्तकाचेच डोहाळे लागलेत."

आता अत्ती अडकल्या. वाचू द्यावं तर पोर भेदरणार, आणि डोहाळे पुरवले नाहीत तर पोराचा कान फुटतो, हे तर सगळ्या पेठेला ठाऊक. दोन दिवस त्या कणगीपाशी घुटमळल्या. मग पुस्तक आणून माझ्या पुढ्यात ठेवलं.

"मोठ्यानं वाचायचं. मी पोटावर हात ठिवून बसणार. ते दचकलं, की मी थांब म्हणणार. मग थांबायचं."

तसंच सुरू झालं. आणि ते कार्टं नेमकं रंगात आलं की लाथ मारायचं! "थांब," अत्ती म्हणायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा. तळघरातल्या पेटीला आतून कुणीतरी खरवडतंय, इथवर येऊन आम्ही तीन दुपारी अडलो होतो.

सातव्या महिन्यात एका सकाळी मी हात ठेवला, तर काहीच नाही. कूस बदलली, गूळपाणी प्यायले. काही नाही. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला तरी नाही, तेव्हा अत्तींनी टांगा बोलावला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई ऑपरेशनमध्ये होत्या. नर्स म्हणाली, बसा. आम्ही बाकावर बसलो. मला आधीची वेळ आठवत होती, आणि तेव्हाही आम्ही याच बाकावर होतो.

अत्तींनी पिशवीतल्या टॉवेलखालून पुस्तक काढलं.

"वाच."

"अत्ती, इथं?"

"पेटी उघडली न्हाय अजून. वाच की."

त्यांनी पोटावर हात ठेवला. मी वाचू लागले. अक्षरं डोळ्यांपुढं हलत होती. खरवडणं वाढलं. बिजागरी करकरली. झाकण वर उचललं गेलं, आणि आतून एक लाथ बसली, चांगली सणसणीत.

मी सवयीनं थांबले.

अत्तींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "भ्यालं बघ," त्या म्हणाल्या. "भ्यालं गं माझं लेकरू. थांबू नको. वाच."