कुंपणाआधीचं फाटक

दिल्लीत आमच्या ऑफिसातले सगळे नोएडात फ्लॅट बुक करत होते, तेव्हा आमच्या शेजाऱ्यांनी फरीदाबादपलीकडे शेत घेतलं. कुंपण-फाटकासाठी वेल्डिंग मशीन बघायला निघाले ते स्थळ बघावं तसे. दुकानदाराला विचारायचे, "भाईसाब, स्वभाव कैसा है इसका?" शेवटी सगळ्यांत थोराड मशीन आणलं. शेतावर वीजच नाही, हे मागाहून आठवलं.

"चलो, इथेच करू," म्हणत त्यांनी आमच्या सरकारी क्वार्टरसमोरच्या हिरवळीवर खांबांसकट फाटक उभं केलं. ते इतकं जड झालं, की टेम्पोवाला बघूनच पळाला.

आता दोन्ही बाजूंना मोकळी हिरवळ आणि मधे फाटक. शेजारी रोज ऑफिसला जाताना फाटक उघडतात, पलीकडे जातात, कडी लावतात.

काल घाईत मी बाजूनं निघालो, तर मागून शेजाऱ्यांचा आवाज आला, "अहो, फाटक कशाला केलंय?"

मी परत आलो, फाटकातून गेलो. कडीसुद्धा लावली.